सामाईक क्षेत्र

आमच्या घरी दिवाळीची पहिली पणती लावण्याचा मान वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आला होता, आणि मी तो अनेक वर्षे यथासांग चालविला. २०१८ सालच्या वसुबारसेला मात्र तो माझ्याकडून काढून घेण्यात आला. त्या संध्याकाळी मी तुळशीपुढे बसलो, काडी ओढली, आणि काडीच्या टोकाकडे पाहिले तो पणतीतली वात नाहीशी झाली. वातीकडे पाहिले तर वात जागच्या जागी होती. पण आता माझ्या हातात काड्या दोन होत्या! पुन्हा काडीकडे पाहिले, वात गुप्त. पुन्हा वातीकडे, काड्या दोन. या लपंडावात तीन काड्या जळाल्या, माझे बोट पोळले, आणि पणती अंधारातच राहिली.

"अहो, पणती लावताय की तिला ओवाळताय?" आमच्या हिने विचारले. सगळे हसले. मीही हसलो. हसण्यावारी नेणे हा माझा जुना उपाय. दाढदुखीपासून कर्जापर्यंत सगळे मी आधी हसण्यावारी नेऊन पाहतो.

खरे म्हणजे पणतीच्या आधी वर्षभर मी हेच करीत होतो. मी पेशाने मोजणीदार. सरकारी भाषेत भूकरमापक. भूमि अभिलेख खात्यात सातारा जिल्ह्याची वावरे मोजण्यात ३४ वर्षे घालवून मी २०१४ साली निवृत्त झालो. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, एका साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे कोष्टक आधीच्या पिढीतल्या मोजणीदारांनी माझ्याकडून पाठ करून घेतलेले. डोळे हेच माझे भांडवल. एक डोळा मिटून दूरच्या झेंडीवर नजर लावली की हातभर चुकीचा बांधही मला खुपत असे. अशा माणसाला शेजारच्या काकांनी एके दिवशी आपला सातबारा वाचायला दिला, आणि मी त्यांना गट नंबर सांगितला, "चार हजार सातशे सत्तेचाळीस."

काका घाबरले. त्यांच्या गावात चारशेसुद्धा गट नव्हते. गट होता नुसता ४७. माझ्या डोळ्यांनी तो शेजारी शेजारी दोनदा मांडला होता.

त्यानंतर अक्षरांनी माझ्याशी खेळ मांडला. 'का' लिहिले असेल तर मी 'काका' वाचावे, 'मा'चा 'मामा' व्हावा, आणि पंचवीस रुपयांच्या पावतीवर दोन हजार पाचशे पंचवीस दिसावेत. समोर बसलेल्या पाहुण्याचा चेहरा बोलता बोलता मध्येच रुंद होई आणि त्यावर एकाला लागून दुसरे नाक उगवे. पाहुण्याला हे सांगायचे कसे? मी डोळे चोळी, नाक परत एक होई, आणि संभाषण पुढे चाले. वय साठीच्या पुढचे. मोतीबिंदू पिकत असेल, पिकला की काढू, असा मी मनाशी निकाल दिला आणि दीड वर्षात तीन चष्मे केले. चष्म्याच्या दुकानदाराचा यात दोष नाही. त्याने विचारलेल्या पाटीवरची अक्षरे मी नीट वाचून दाखवीत होतो. पाटीच्या दोन्ही बाजूंना काय दिसते, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मलाच ठाऊक नव्हते. जे दिसत नाही ते दिसत नाही, हे माणसाला कसे दिसणार? कडेचे जग काळे पडत नाही हो. ते नुसते नसते. आपल्या पाठीमागे काय काळोख असतो का? काहीच नसते. तसेच.

दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या. बाजारात माणसे दोन्ही बाजूंनी अकस्मात अंगावर येऊ लागली. मी लोकांच्या बेशिस्तीला नावे ठेवू लागलो.

शेवटी डिसेंबरात जे व्हायचे ते झाले. नातीला शाळेतून स्कूटरवर आणत होतो. ती पुढे उभी होती. गल्लीच्या तोंडाशी मी डावीकडे वळलो, आणि एक सायकल आकाशातून पडावी तशी माझ्या चाकापुढे आली. मुलगा पडला, दुधाचा कॅन पडला, रस्ताभर दूध झाले. कोणाला काही लागले नाही. मी सवयीने त्या मुलावर ओरडलो, "कुठून उगवलास रे?"

नात म्हणाली, "आजोबा, तो केव्हाचा येत होता. मी बघत होते. मला वाटलं तुम्हीपण बघताय."

घरी आलो. स्कूटर लावली, किल्ली हिच्या हातात दिली आणि आजवर हसण्यावारी नेलेले सगळे सांगून टाकले. ती किल्ली मी पुन्हा मागितली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिली परीक्षा यंत्राशिवाय केली. मला एक डोळा झाकायला लावून आपल्या नाकाकडे पाहायला सांगितले, आणि बाजूने दोन बोटे हालवीत हळूहळू मध्ये आणली. "दिसली की सांगा." बोटे त्यांच्या नाकापर्यंत आली तेव्हा मी सांगितले. दुसऱ्या डोळ्याचेही तेच. डॉक्टर गप्प झाले आणि म्हणाले, "तुमचे दृष्टिक्षेत्र मोजून घेऊ."

क्षेत्र आणि मोजणी! इतक्या वर्षांत प्रथमच मी मोजणीदाराच्या समोरच्या बाजूला बसलो. एका पांढऱ्या पोकळ घुमटात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कोठे बारीकसा दिवा लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. एकेका डोळ्याची निराळी मोजणी. अशा घुमटाचे यंत्र हान्स गोल्डमान नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९४५ साली केले. आता त्याच कल्पनेवरची यंत्रे आपोआप चालतात आणि शेवटी नकाशा छापून देतात. मी तो नकाशा डॉक्टरांच्या आधी वाचला. नकाशे वाचण्यात माझा जन्म गेला होता. उजव्या डोळ्याच्या नकाशात उजवी बाजू काळी, डाव्याच्या नकाशात डावी बाजू काळी, आणि दोन्हींत काळ्याची हद्द मधोमध सरळ उभी, ओळंबा लावून आखल्यासारखी. इतकी सरळ हद्द निसर्ग आखीत नाही, ती कोणीतरी फाळणी करून आखलेली असते, हे मला लगेच कळले.

फाळणी करणारा सापडला तो मेंदूच्या तळाशी. तिथे पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, आणि तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसांचा चौक असतो. एकेका नसेत दहा-बारा लाख धागे. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक धागे चौकात बाजू बदलून पलीकडे जातात, उरलेले आपल्याच बाजूने सरळ जातात. असे काहीतरी असावे, हा तर्क न्यूटनने १७०४ साली छापलेल्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथातच केला होता. पलीकडे जाणारे धागे कानाकडच्या बाजूचे दृश्य वाहतात. माझ्या ग्रंथीवर एक साधी, कर्करोग नसलेली गाठ वाढली होती आणि ती खालून वर येऊन चौकाच्या मध्यावर दाबत होती. त्यामुळे दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू गेली. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत मी वर्षभर या गाठीला पोशीत होतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्याच्या एका इस्पितळात नाकाच्या वाटेने दुर्बीण घालून ती गाठ काढली. डोक्यावर टाका नाही. नंतर कित्येक दिवस नाक शिंकरायचे नाही, खाली वाकायचे नाही, जोर करायचा नाही. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, ती अजून चालू आहे. गाठीचा दाब गेल्यावर पुष्कळांची नजर बरीचशी परत येते. माझी थोडी आली. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा हद्दीच्या कडेने काळ्याऐवजी करड्या रंगाची एक अरुंद पट्टी उमटली होती. बाकीचे काळे काळेच राहिले.

आणि ४७ चे ४७४७ होणेही राहिले.

त्या इस्पितळात तिरळेपणा आणि दुहेरी दिसणे यांवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. ऑर्थोप्टिस्ट म्हणतात त्यांना. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी त्यांना म्हटले, "बाई, गाठ गेली, तरी हे दुहेरी का? माझा डोळा वाकडा झाला आहे का?"

त्या म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे आधीपासूनच किंचित बाहेर ओढणारे आहेत. पुष्कळांचे असतात. पण ते कळत नाही, कारण मेंदू त्यांना जागेवर धरून ठेवतो. कशाच्या आधारावर धरतो सांगू? दोन्ही डोळ्यांना जे सामाईक दिसतं, त्याच्या आधारावर."

सामाईक! हा शब्द त्यांनी सहज वापरला. पण सातबाऱ्यावर तो मी हजारदा वाचलेला. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो.

हिशेब असा. एका डोळ्याला नाकाकडे सुमारे ६० अंशांपर्यंत दिसते आणि कानाकडे ९० हून थोडे अधिक. दोन्ही डोळे मिळून सुमारे १८० अंशांचे शेत. त्यांतले मधले १२० अंश दोघांच्या वहिवाटीचे. या सामाईक पट्ट्यातली प्रत्येक खूण दोन्ही डोळे पाहतात, आणि एकाची खूण दुसऱ्याच्या खुणेवर बसते की नाही हे मेंदू क्षणोक्षणी तपासतो. जरा सरकली की ओढून जागेवर आणतो. माझ्या बाबतीत बाहेरच्या बाजू गेल्यावर उजव्या डोळ्याला उरली डावीकडची बाजू, आणि डाव्याला उजवीकडची. दोघांनी आपापली कड सोडून एकमेकांच्या कडेची राखण पत्करली. दोघांचे मिळून १२० अंश शिल्लक राहिले. पण सामाईक असे काही उरले नाही. दोन अर्धी चित्रे मधोमध एकमेकांना नुसती टेकलेली. टाका नाही की सांधा नाही. मग डोळे जरा बाहेर सरकले की मधला भाग दोन्ही अर्ध्यांत येतो आणि ४७ दोनदा दिसतो. एखाद्याचे डोळे आत सरकतात, त्याची मधली अक्षरे गळून जातात. एक डोळा वर चढला की चित्राचा अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा वर जातो. पणतीचेही कोडे तेच. जवळच्या काडीवर नजर रोखली की तिच्या मागचा टापू दोन्ही डोळ्यांच्या गेलेल्या बाजूंत पडतो, म्हणून वात गायब. आणि वातीवर नजर ठेवली की अलीकडची काडी दोन्ही डोळ्यांना निरनिराळ्या जागी दिसते, म्हणून काड्या दोन.

"म्हणजे भांडण नाही," मी म्हटले, "नुसते दुरावणे आहे."

बाई हसल्या. त्यांना वाटले, काका गमतीने बोलतात.

त्या रात्री मला आमची विहीर आठवली. वाईजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या पाठीमागे दादा आणि मी यांच्यात वाटणी झाली, १९९४ साली. वडिलांनी विहीर आणि तिच्याभोवतीचे तीन गुंठे मुद्दाम सामाईक ठेवायला सांगितले होते. विहिरीवरून आम्ही भांडत असू. पाण्याची पाळी कोणाची, मोटारीचे बिल कोणाचे, बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा कोणाच्या. मी खात्यातला जाणता माणूस. सामाईकाच्या खटल्यांत भाऊ भाऊ कोर्टात पायऱ्या झिजवताना मी रोज पाहत होतो. मी दादाला म्हटले, "सामाईक म्हणजे कटकट. विहीर तू घे, मला रस्त्याकडेचे सात गुंठे दे. हद्द आखून मोकळे होऊ." साखळी माझी, नकाशा माझा, सल्लाही माझाच. दादाने मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्यात एकही भांडण झाले नाही. पाच-सहा वर्षांनी माझ्या ध्यानात आले की भेटही झाली नाही. लग्नामुंजीत समोर यायचे, "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढे झाले की दोघेही दोन टोकांच्या पंगतीत बसायचे. रागही नव्हता. राग यायलाही काही सामाईक लागते.

असो. डोळ्यांचे पुढे काय केले ते आधी सांगतो. कारण घरोघरी म्हातारी माणसे आहेत, आणि कोणाच्या उपयोगी पडेल.

दुहेरी दिसण्यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे एक डोळा झाकणे. तो खरा आहे. एक डोळा झाकला की दुहेरी तत्काळ थांबते. पण माझ्यासारख्याला त्याची किंमत जबर पडते. उजवा झाकला तर डावीकडचे सगळे जग गेले, डावा झाकला तर उजवीकडचे. म्हणजे एकसंध पण अर्धे जग पाहायचे, की अख्खे पण मध्ये उसवलेले? बाईंनी याचा निवाडा फार सुरेख केला. म्हणाल्या, "एकदाच कायमचं ठरवू नका. काम बघून ठरवा." चालताना, घरात वावरताना, माणसांत बसताना दोन्ही डोळे उघडे. शिवण थोडी उसवली तरी चालेल. सायकल आलेली दिसली पाहिजे. बसून वाचायचे असेल तेव्हा निराळा चष्मा, आणि त्याच्या उजव्या काचेवर आतून एक धुरकट, अर्धपारदर्शक चिकटपट्टी.

"उजव्याच का?" मी विचारले.

"तुम्ही मराठी वाचता ना? डावीकडून उजवीकडे. पुढचं अक्षर उजवीकडून येणार, आणि उजवीकडचं दिसतं तुमच्या डाव्या डोळ्याला. तुम्ही उर्दू वाचत असता तर मी डावी काच झाकली असती."

किती साधी गोष्ट! लिपीची दिशा पाहून डोळा निवडायचा. फक्त ओळ संपल्यावर पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही, कारण डावीकडचे दिसत नाही. त्यासाठी पानाच्या डाव्या कडेला मी फूटपट्टी उभी धरतो, आणि नजर पट्टीला आपटेपर्यंत मागे नेतो. बांधाला लागली की ओळ सुरू. मोजणीदाराला हे शिकवावे लागले नाही.

तिसरा उपाय लोलकाचा. माझ्या एका डोळ्याला जरासा वर चढण्याचा खोड होता. त्यासाठी काचेवर एक पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवतात. त्यावर बारीक रेघांसारखे असंख्य लोलक कोरलेले असतात, ते प्रकाश थोडा वळवून चित्र जागेवर आणतात. जाड काच कापून तिची पातळ वलये करण्याची ही युक्ती मूळची दीपगृहांची. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच इंजिनियराने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँच्या दीपगृहात १८२३ साली तसे भिंग बसविले. समुद्रातल्या गलबतांसाठी शोधलेली युक्ती साताऱ्यातल्या एका पेन्शनराच्या नाकावर येऊन बसली. मात्र बाईंनी आधीच बजावले होते की जिथे सामाईक काहीच उरलेले नाही, तिथे लोलकाने चित्रे शेजारी आणता येतात, पण ती धरून ठेवायला कोणी नसते. ती पुन्हा सरकतात. माझे नशीब एवढे की ती करडी पट्टी परत आली होती. दोन-चार अंशांची असेल. पण तेवढ्या सामाईकावर सकाळच्या वेळी माझे डोळे तासनतास एकमेकांना धरून राहतात. संध्याकाळी थकले की सुटतात. मग पट्टीचा चष्मा.

आणि सुटले हे कळते कसे? ही गंमत कोणा डॉक्टरांनी सांगितली नाही, मलाच सापडली. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते ना, ती शिरोरेखा. एक डोळा वर चढला की शब्दाच्या मध्यावर त्या रेघेत पायरी पडते. पायरी दिसली की मी पुस्तक मिटतो आणि पाच मिनिटे खिडकीबाहेरच्या अजिंक्यताऱ्याकडे पाहत बसतो. इंग्रजी वाचताना हा ओळंबा मिळत नाही. आपल्या लिपीचे उपकार शाळेत निबंधात पुष्कळदा लिहिले होते. पटले ते आता.

बाकी लहानसहान कामे मी डोळ्यांकडून काढून बोटांकडे दिली आहेत. चहा ओतताना डाव्या हाताचे बोट कपाच्या काठाला. नखे कापायची तर स्पर्शाने. सुईत दोरा ओवायचा नाद सोडला. आणि चालताना मान सतत दोन्हीकडे वळती ठेवायची. नातीने त्याला 'आजोबांचा पंखा' असे नाव दिले आहे.

वाचकांना एवढेच सांगेन की एकाचे दोन दिसू लागले तर पहिल्यांदा एकेक डोळा आळीपाळीने झाका. कोणताही एक झाकल्यावर दुहेरी थांबत असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकाच उघड्या डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर तो त्या डोळ्यातला. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांकडे जा. आणि अचानक दुहेरी दिसू लागले, किंवा सोबत डोके फार दुखत असेल, पापणी खाली उतरली असेल, कडेचे दिसत नसेल, तर त्याच दिवशी जा. माझ्यासारखे तीन चष्मे करत बसू नका. दुधाचा कॅन सांडला तो स्वस्तात सुटलो.

आता विहिरीचे. २०२३ च्या दिवाळीत मी हिला म्हटले, "गावी जाऊन येऊ." तिने कारण विचारले नाही. दादा ओट्यावर बसला होता. ऐंशीच्या घरातला, पण ताठ. मला पाहून म्हणाला, "काय रं धाकल्या, वाट चुकलास व्हय?"

मी सांगितले, "विहिरीचा गाळ काढायचा आहे असे पुतण्या म्हणत होता. निम्मा खर्च माझा."

"तुजा काय संबंध? हीर माजी हाय. तूच तर मोजून दिलीस."

"गाळ काढल्यावर निम्मे पाणी माझ्या वावराला द्यायचे."

"म्हंजी परत पाळ्या आल्या."

"आल्या."

"परत भांडनं आली."

"आली."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत तोंड करून ओरडला, "अगं, च्या टाक. ह्यो ऱ्हायला आलाय."

आमच्याकडे दिवाळीत विहिरीच्या काठावर पणती ठेवतात. संध्याकाळी आम्ही दोघे तिकडे गेलो. दादाने पणती ठेवली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. त्याला माझ्या डोळ्यांचे काही ठाऊक नव्हते. मी तिथे उभ्या उभ्या सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग लावतोस कशी?"

मी त्याला दाखविले. डाव्या हाताचे बोट पणतीच्या काठाला टेकवायचे, वातीजवळ. मग डोळ्यांना काय दिसायचे ते दिसो. काडी त्या बोटाच्या कडेकडेने न्यायची. काड्या दोन दिसल्या. वात मात्र लागली.

पुढच्या मेमध्ये गाळ काढला. तिसऱ्या दिवशी चांगला पुरुषभर पाणी चढले. सोमवार ते बुधवार माझी पाळी, पुढे दादाची, रविवारी विहिरीला विश्रांती, असे ठरले. दुसऱ्याच आठवड्यात दादाने माझ्या बुधवारचे सकाळचे पाणी आपल्या उसाला सोडल्याचे वाटेकऱ्याने कळविले. मी तत्काळ फोन लावला. अर्धा तास आम्ही कडाडून भांडलो. शेवग्याच्या शेंगांपर्यंत, १९९४ पर्यंत, त्याच्याही मागे गेलो. शेवटी दादा म्हणाला, "फोनवर किती वरडू? हितं ये, मंग दावतो तुला."

येत्या वसुबारसेला जाणार आहे.